गरम पाण्याचा झरा कोणाचा? अनहोनी ते महाड : सार्वजनिक पाण्याच्या हक्काचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

भोपाळच्या दक्षिणेला होशंगाबाद रस्त्यावर मिसरोद आहे. एके काळचे हे स्वतंत्र खेडे आता शहरात मिसळून गेले आहे. भोपाळ-इटारसी लोहमार्गावर त्याचे लहानसे स्थानक आहे. हा लोहमार्ग भोपाळच्या बेगमांनी दिलेल्या पैशांतून उभा राहिला, हे आजच्या प्रवाशाच्या गावीही नसते. मिसरोद परिसरात गरम पाण्याचा झरा नाही. तो पाहायचा तर मंडीदीप, ओबेदुल्लागंज, बुधनी असे करत नर्मदा ओलांडावी लागते. होशंगशाह घोरीच्या नावाचे होशंगाबाद (२०२२ पासून नर्मदापुरम) मागे टाकून पिपरियाला पोहोचावे लागते, आणि तेथून सातपुड्याच्या पायथ्याने छिंदवाड्याचा रस्ता धरावा लागतो. या रस्त्यावर झिरपा गावापासून सुमारे दोन मैलांवर, महुलझीरजवळ, अनहोनीचा झरा आहे.

अनहोनीचे पाणी इतके गरम असते की ते उकळत असल्याचा भास होतो. झऱ्याचे पाणी वाहत जाऊन पुढे त्याचा नाला होतो. त्वचारोग व रक्तदोष या पाण्याने बरे होतात अशी आसपासच्या लोकांची श्रद्धा आहे. संक्रांतीच्या सुमारास येथे मेळा भरतो. गोंड, कोरकू, पिपरियाचे व्यापारी, छिंदवाड्याकडचे मराठी भाषक शेतकरी असे सर्व प्रकारचे लोक येथे येत आले आहेत. 'अनहोनी' या शब्दाचा साधा अर्थ 'न घडणारी गोष्ट', मराठीत म्हणायचे तर आक्रीत. जमिनीतून आपोआप गरम पाणी यावे हे पाहणाऱ्याला आक्रीत वाटणे स्वाभाविकच आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र हे आक्रीत नाही. पाणी गरम का होते याचे उत्तर भूशास्त्राने दिले आहे आणि ते पुढे थोडक्यात सांगितले आहे. इतिहासाच्या अभ्यासकापुढे वेगळा प्रश्न आहे. मोकळ्या सरकारी जमिनीवर, कोणाच्याही श्रमाशिवाय वाहणाऱ्या या पाण्यापाशी जाण्याचा अधिकार कोणाला होता, कोणाला नाकारला गेला आणि तो परत कसा मिळाला? हा प्रश्न इस्लामी धर्मशास्त्राने फार पूर्वी हाताळला आहे. महाराष्ट्रात महाडला तो रस्त्यावर आणि न्यायालयात लढला गेला. हे दोन धागे आपल्याकडे सहसा एकत्र वाचले जात नाहीत.

नावांतून दिसणारा भूगोल

मराठी मुलखात गरम पाण्याचे झरे शोधायचे असतील तर नकाशावरील नावे वाचावीत. संस्कृत 'उष्ण' पासून आलेले 'ऊन', 'उन्ह' हे रूप ठिकठिकाणी भेटते. रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातील उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे, जळगाव जिल्ह्यात अडावदजवळचा उनपदेव, नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात पैनगंगेकाठचे उनकेश्वर आणि सरहद्दीपलीकडे गुजरातेत वांसद्याजवळचे उनई ही सारी एकाच कुळातील नावे होत. गरम पाण्याच्या झऱ्याला जुन्या मराठीत 'उन्हाळे' हा स्वतंत्र शब्दच आहे. अरबीतही असेच घडले. 'हम्मा' म्हणजे उष्णोदकाचा झरा, त्याच धातूपासून 'हम्माम' म्हणजे स्नानगृह आणि 'हुम्मा' म्हणजे ताप. दोन्ही भाषांनी उष्णतेच्याच शब्दावरून झऱ्याचे नाव बांधले.

कोकणातील झऱ्यांची ओळ पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून राजापूरपर्यंत सुमारे ३५० किलोमीटर पसरली आहे. तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, महाडजवळ सव, संगमेश्वर तालुक्यात तुरळ, राजवाडी आणि आरवली ही त्यातील परिचित ठिकाणे. उन्हवऱ्याचे पाणी सुमारे ७० अंश सेल्सिअस असते. त्यात थेट उतरणे शक्य नाही, म्हणून ते कुंडांत निववून वापरतात. स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी तेथे वेगवेगळी स्नानकुंडे आहेत.

या झऱ्यांखाली ज्वालामुखी आहे हा समज आजही वर्गात ऐकू येतो. तो खरा नाही. दख्खनचा कातळ ज्या लाव्हारसापासून झाला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थिजला. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते. जमिनीत दर किलोमीटर खोलीला तापमान साधारणतः २५ ते ३० अंशांनी वाढते. अशा खोलीवर तापलेले पाणी एखाद्या भ्रंशरेषेची वाट मिळताच वेगाने वर येते. कोकणात ही वाट पश्चिम किनाऱ्याला समांतर असलेल्या भेगांची आहे, तर अनहोनीला नर्मदा-शोण खोऱ्याच्या प्राचीन भ्रंशांची. काही ठिकाणी येणारा अंड्यासारखा वास गंधकयुक्त वायूचा असतो. पाणी तापते मात्र खोलीमुळे, गंधकामुळे नव्हे.

इंग्रजी अमदानीत या झऱ्यांच्या याद्या झाल्या. रॉबर्ट श्लागिन्टवाइट या जर्मन संशोधकाची यादी १८६० च्या दशकात बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांची सुमारे तीनशे झऱ्यांची नोंद त्यांच्या मृत्यूनंतर १८८२ मध्ये त्यांच्या मुलाने संपादित करून प्रसिद्ध केली. मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटियरांचे खंडही त्याच सुमाराचे. या नोंदी झऱ्याचे ठिकाण व तापमान सांगतात. तेथे कोण येऊ शकत होते आणि कोणाला दूर उभे राहावे लागत होते, हे समजण्यासाठी मात्र निराळे दस्तऐवज उघडावे लागतात.

फिक्हमधील पाणी

इस्लामी धर्मशास्त्रात पाण्याच्या मालकीची चर्चा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका प्रसिद्ध वचनापासून सुरू होते. पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत लोक एकमेकांचे भागीदार आहेत, असा त्याचा आशय आहे. अबू दाऊद व इब्न माजा यांच्या संग्रहांत हे वचन आहे. आपल्या व्याख्यानांतून ते वारंवार उद्धृत होते, पण बहुधा दानधर्माचा उपदेश म्हणून. फुकहांनी (धर्मशास्त्रज्ञांनी) ते कायद्याचे सूत्र म्हणून वाचले होते.

दुसरी एक हदीस आपल्या विषयाशी अधिक जवळची असून तुलनेने कमी परिचित आहे. येमेनमधील मारिब येथील अब्यद बिन हम्माल यांनी प्रेषितांकडे तेथील मिठाची जागा इनाम मागितली आणि ती त्यांना मिळाली. ते निघून गेल्यावर उपस्थितांपैकी एकाने लक्षात आणून दिले की ही जागा म्हणजे अखंड वाहत्या पाण्यासारखी आहे. तेथे कोणालाही खणावे लागत नाही, जाणाऱ्याने नुसते उचलून घ्यायचे. तेव्हा प्रेषितांनी दिलेले इनाम परत घेतले. शास्त्रज्ञांनी यावरून असा नियम काढला की जे संसाधन मानवी श्रमाशिवाय उघडपणे उपलब्ध आहे आणि ज्याची सर्वांना गरज आहे, ते राज्यकर्त्यालाही एका व्यक्तीच्या नावे करून देता येत नाही. मीठ, डांबर आणि वाहते झरे यांची उदाहरणे या चर्चेत येतात. गरम पाण्याचा नैसर्गिक झरा या नियमात तंतोतंत बसतो.

इमाम अबू यूसुफ यांनी खलीफा हारून अल-रशीदसाठी लिहिलेल्या 'किताब अल-खराज' मध्ये मोठ्या नद्यांचे पाणी सर्वांचे मानले आहे. बाराव्या शतकातील 'हिदाया' मध्ये याची अधिक बारीक विभागणी आढळते. समुद्र व मोठ्या नद्या सर्वांच्या. कालव्याच्या पाण्यात सिंचनाचा हक्क ठरावीक लोकांचा, पण पिण्याचा हक्क, म्हणजे 'शफा', सर्वांचा. भांड्यात भरून घेतलेले पाणी मात्र भरणाऱ्याचे. चार्ल्स हॅमिल्टन यांचे 'हिदाया'चे इंग्रजी भाषांतर १७९१ मध्ये निघाले आणि कंपनी सरकारच्या न्यायालयांत ते वापरले गेले. आपल्याकडील वकील व न्यायाधीश या ग्रंथातून विवाह आणि वारसा शिकले. पाण्याचे प्रकरण बहुधा न उघडताच राहिले. उस्मानी साम्राज्यात १८६९ ते १८७६ दरम्यान अहमद जेवदेत पाशा यांच्या देखरेखीखाली 'मजल्ला' हा दिवाणी कायदा संहिताबद्ध झाला. त्याच्या १२३४ व्या कलमात पाणी, गवत आणि अग्नी यांतील सर्वांची भागीदारी कायद्याच्या भाषेत आली आहे.

येथे श्रमाचा मुद्दा निर्णायक आहे आणि तो समजावून सांगण्यास भोपाळइतके चांगले उदाहरण नाही. कुदसिया बेगम (मृत्यू १८८१) यांनी भोपाळ शहरासाठी नळयोजना उभारली. यंत्रे आणि नळ यांवर मोठा खर्च झाला. जे पाणी श्रमाने व पैशाने आणले आहे त्याचे मोल घेण्यास शास्त्राची आडकाठी नव्हती, तरीही बेगमांनी ते नगरवासीयांना विनामूल्य दिले. मदीनेतील रूमा विहीर हजरत उस्मान (रजि.) यांनी स्वतःच्या पैशाने विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, त्याच परंपरेतील हे कार्य होय. ही दोन्ही उदाहरणे औदार्याची आहेत. झऱ्याच्या बाबतीत औदार्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तेथे कोणी काही आणलेले नसते. तेथे प्रवेश देणारा उपकारकर्ता नसतो आणि घेणारा उपकृत नसतो.

गरम झऱ्यावर स्नानाला जाण्याची रीत मुस्लिम जगात जुनी आहे. दहाव्या शतकातील भूगोलकार अल-मुकद्दसी यांनी तबरियाच्या गरम पाण्याचे व तेथे येणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले आहे. बुर्सा शहरातील येनी काप्लिजा हे उष्णोदकाचे स्नानगृह वजीर रुस्तम पाशा यांनी सोळाव्या शतकात बांधविले. इमाम गझाली यांनी 'इह्या' ग्रंथात हम्मामचे शिष्टाचार लिहिले. त्यांत अंग झाकून स्नान करणे आणि गरजेपुरतेच पाणी घेणे या दोन गोष्टींवर त्यांचा भर आहे. गंधकाच्या वासाच्या पाण्याने वुजू होते काय, असे विद्यार्थी विचारतात. पाण्यात त्याच्या उगमामुळेच आलेला बदल त्याची शुद्धता घालवीत नाही, असे शास्त्रज्ञांचे मत आहे.

भारतीय उपखंडात या झऱ्यांभोवती अनेक धर्मांची वस्ती झाली. बिहारमधील राजगीरच्या उष्ण कुंडांपैकी एक 'मखदूम कुंड' म्हणून ओळखले जाते. मखदूम शरफुद्दीन याह्या मनेरी (मृत्यू १३८१) यांच्या नावाने ते आहे, तर त्याच कुंडाला शृंगी ऋषींचेही नाव आहे. कराचीजवळील मंघोपीरचा दर्गा, तेथील गरम झरे व मगरी प्रसिद्ध आहेत. १९३६ पर्यंत हा भाग मुंबई इलाख्यातच होता. वज्रेश्वरीचे मंदिर १७३९ च्या वसई मोहिमेच्या वेळी चिमाजी अप्पांनी बोललेल्या नवसाशी जोडलेले आहे. उनकेश्वर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि तेथील यात्रा चालू होती. अनहोनी ज्या छिंदवाडा जिल्ह्यात येते तेथील देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद याने औरंगजेबाच्या दरबारात इस्लाम स्वीकारला आणि पुढे नागपूर शहर वसविले. त्याच्या मागोमाग हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८५४ मध्ये इंग्रजांकडे गेला. या जिल्ह्याच्या दक्षिणेस सौंसर व पांढुर्णा भागात आजही मराठी बोलली जाते. राज्ये बदलली, राज्यकर्त्यांचे धर्म बदलले, तरी झऱ्यावर येणारी माणसे तीच राहिली.

हे चित्र रम्य आहे म्हणून ते पुरे मानू नये. एका झऱ्यावर अनेक धर्मांचे लोक येत असत याचा अर्थ सर्व जातींचे लोक येऊ शकत होते असा होत नाही. मुसलमान, पारशी, ख्रिस्ती ज्या पाणवठ्यावर जाऊ शकत तेथे महार, मांग, चांभार यांना मज्जाव असे. आपल्या नियतकालिकांतून 'गंगा-जमनी' परंपरेविषयी पुष्कळ लिहिले जाते, परंतु ही बाब त्यात क्वचित येते.

महाड, १९२७

सावित्री नदीकाठचे महाड हे सवच्या गरम झऱ्यापासून अगदी जवळ आहे. मात्र सार्वजनिक पाण्याचा प्रश्न भारतीय कायद्यात आला तो महाडच्या थंड पाण्याच्या चवदार तळ्यावरून. म्हणून झऱ्याचा इतिहास लिहिताना तळ्याकडे वळणे आवश्यक ठरते.

सी. के. बोले यांच्या नावाने ओळखला जाणारा ठराव मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सरकारी निधीतून बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण पाणी कोणी घेऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले. त्या प्रसंगी काही जणांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला, हे स्वतः आंबेडकरांनी नमूद केले आहे. तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली तेव्हा मंडपासाठी गावात जागा मिळेना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. पंचवीस डिसेंबरला त्याच मंडपात मनुस्मृतीचे दहन झाले. आपल्या समाजाच्या इतिहासलेखनात मोठमोठ्या नवाबांना पाने मिळतात. फत्तेखानांना एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ. त्यांनी दिलेली जमीन खासगी होती. सार्वजनिक पाण्यावरील हक्कासाठी एका खासगी जमिनीचा आधार घ्यावा लागला, ही त्या काळाची स्थिती होती.

महाडच्या सवर्ण रहिवाशांनी दावा लावला. तळे खासगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादि वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. येथे आंबेडकरांच्या बाजूच्या युक्तिवादातील एक मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. तळ्याचे पाणी मुसलमान वापरत होते. मग बहिष्कार धर्माचा नसून केवळ जातीचा होता, हे उघड झाले. मुसलमानांचा वापर हा येथे दुसऱ्यांच्या हक्काचा पुरावा बनला. १९३१ मध्ये खालच्या न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. अनादि वहिवाट सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने ठरविले.

१९५० च्या संविधानातील अनुच्छेद १५ (२) वाचताना ही सारी पार्श्वभूमी डोळ्यांसमोर ठेवावी. संपूर्णतः अथवा अंशतः राज्याच्या निधीतून चालविलेल्या किंवा सर्वसाधारण जनतेसाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा वापर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही नाकारता येत नाही. यादीत स्नानघाट आहे. बोले ठरावातील यादीला येथे धर्म व लिंग हे शब्द जोडले गेले आणि महाडच्या लढ्याने मिळविलेले संरक्षण सर्वांना, म्हणजे मुसलमान विद्यार्थिनीलाही, लागू झाले.

कागदावरचा झरा

जमीनविषयक कायदेही याला पूरक आहेत. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने आणि पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० ने नद्या, ओढे, साठलेले व वाहते पाणी, ज्यावर इतर कोणाचा हक्क सिद्ध नाही, ते शासनाचे मानले. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेच्या कलम ५७ चाही आशय तोच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात, बियास नदीकाठच्या एका हॉटेलसंदर्भात, असे स्पष्ट केले की शासन हे अशा संपत्तीचे मालक असले तरी विश्वस्त आहे आणि ती खासगी लाभासाठी देऊन टाकता येत नाही. निकालपत्रात रोमन व इंग्लिश कायद्याचा मागोवा घेतला आहे. मारिबच्या मिठाची हदीस शिकविणाऱ्याला हा सिद्धान्त नवा वाटणार नाही.

मध्य प्रदेशातील महसुली दप्तराची भाषा पाहिली तर आपला जुना फारसी-अरबी शब्दसंग्रह तेथे जिवंत असल्याचे आढळते. गावच्या पडीक सरकारी जमिनीच्या सामाईक वापराची योजना 'निस्तार पत्रका'त (कलम २३४) असते. शासनाच्या ताब्यात नसलेल्या जमिनीवरील व पाण्यावरील रूढ हक्क, जसे वाट, सिंचन, मासेमारी, 'वाजिब-उल-अर्ज' मध्ये (कलम २४२) नोंदवितात. याचा शब्दशः अर्थ 'जे सांगणे आवश्यक आहे ते'. वनजमिनीच्या बाबतीत २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्तारासारखे सामुदायिक हक्क मान्य केले आणि जुन्या संस्थानांच्या काळातील हक्कांचाही त्यात समावेश केला. तामिया-जुन्नारदेवसारख्या आदिवासी भागात १९९६ चा पेसा कायदा व त्याखालील राज्याचे २०२२ चे नियम यांमुळे ग्रामसभेचे मतही आवश्यक ठरते. अनहोनीसारख्या झऱ्याचा विचार करताना गोंड व कोरकू ग्रामस्थांचा हा हक्क बाहेरून येणाऱ्या आपल्यासारख्या पाहुण्यांच्या आधी येतो, याचा विसर पडू नये.

आता एक अप्रिय मुद्दा. अलीकडे अनेक झऱ्यांवर कुंपणे, फाटक, पावती-पुस्तके आली आहेत. जागा कोणत्या तरी देवस्थानची आहे असे सांगितले जाते. त्याला उत्तर म्हणून आपल्यातील काही जण जवळच्या एखाद्या मजारीचा आधार घेऊन 'हा झरा मुळात आमचा' असे म्हणू लागतात. भावना समजू शकते, पण हे म्हणणे शास्त्राला धरून नाही. मजार वक्फ असू शकते, तिच्यासाठी दिलेली जमीन वक्फ असू शकते. पण वक्फ करणाऱ्याकडे जे होते तेच तो वक्फ करू शकतो, आणि वाहता झरा कोणाच्याही मालकीचा नव्हता. दुसऱ्याच्या अनन्य दाव्याला आपला अनन्य दावा हे उत्तर दिले की महाडमध्ये जे सूत्र जिंकले तेच आपण गमावतो. शुल्काविषयीही हाच विवेक ठेवावा. कुंडाची स्वच्छता, कपडे बदलण्याची खोली, दिवाबत्ती यांचा मोबदला घेणे रास्त आहे. ते श्रमाचे मोल आहे. पाण्याचे मोल घेता येत नाही.

आपल्या महाविद्यालयांच्या सहलींतून मुलींना अशा ठिकाणी नेण्यास टाळाटाळ होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. पडद्याची अडचण सांगितली जाते. उन्हवऱ्याला स्त्रियांचे वेगळे कुंड आहे, आणि ज्या मुलीला पाण्यात उतरायचे नाही ती काठावर बसून तापमान मोजू शकते, नोंदी घेऊ शकते, तेथे आलेल्या बायकांशी बोलू शकते. इतिहासाच्या दृष्टीने काठावरचे हे काम स्नानापेक्षा अधिक मोलाचे आहे. मेळ्याला पन्नास वर्षे येणाऱ्या वृद्धेला विचारावे की तिच्या लहानपणी कोणत्या कुंडात कोण उतरत असे, कोण खालच्या अंगाला थांबत असे आणि ते केव्हा बदलले. गॅझेटियरने न विचारलेला हा प्रश्न विचारण्याची वेळ निघून चालली आहे.

सहलीला निघण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून एक काम करून घ्यावे. महाराष्ट्रात झऱ्याच्या गट क्रमांकाचा सातबारा आणि मध्य प्रदेशात त्या जमिनीचा खसरा मिळवावा. सातबाऱ्यावर भोगवटादार कोण व इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिले आहे, हे पाहावे. खसऱ्यात शेवटी 'कैफियत' नावाचा रकाना असतो. शासनाच्या नावे असलेल्या जमिनीवर कोणाचा कब्जा, कोणती वाट, कोणते कुंड याविषयी तलाठ्याने किंवा पटवाऱ्याने काही नोंदविले असेल तर ते तेथे सापडेल. रकाना कोरा असेल तर तीही एक नोंद आहे. ती तारखेसह उतरवून घ्यावी, आणि निस्तार पत्रक पाहण्यासाठी तहसील कार्यालयात रीतसर अर्ज करावा.